जेवणाला नावं ठेवणारे काका

काकांबरोबर एकदा हॉटेलात गेलेला माणूस दुसऱ्यांदा आपणहून जात नसे. मी मात्र जात राहिले. एक तर मी रिकामी होते, आणि दुसरं म्हणजे ते आमचे घरमालक होते.

फ्रीमाँटमध्ये त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली, एक चिमुकलं स्वयंपाकघर आणि वेगळं दार अशी जागा होती. दोन हजार तीन साली लग्न होऊन मी अमेरिकेत आले तेव्हा नवऱ्याने ती भाड्याने घेतलेली होती. माझा व्हिसा डिपेंडंट. नोकरी करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, ओळखीचं कुणी नाही. सकाळी नवरा मिलपिटासला ऑफिसात गेला की संध्याकाळपर्यंत मी आणि खिडकीतून दिसणारा वाळलेल्या गवताचा डोंगर, एवढीच काय ती सोबत. पहिल्याच आठवड्यात काकांनी दार वाजवलं.

"जेवलीस?"

मी घड्याळाकडे बघितलं. दहासुद्धा वाजले नव्हते. "आत्ता? काका, अजून चहाचा कप विसळला नाही मी."

"मग कधी जेवणार? दुपारी? दुपारी काय जेवायचं असतं? चल, गाडीत बस."

सकाळी दहाला जेवायचं हा त्यांचा काठमांडूचा नेम. मूळचे सांगलीचे, सिव्हिल इंजिनिअर. अमेरिकेत येण्याआधी, ऐन तरुणपणी, ते नेपाळात रस्त्याच्या कामावर होते आणि काठमांडूत एकटे राहत होते. तिथे लोक सकाळी दहाच्या सुमाराला डाळभात खाऊन कामाला लागतात आणि मग थेट रात्री जेवतात. ही सवय काकांना जी चिकटली ती चिकटलीच. पुढे कॅलिफोर्नियात सगळी नोकरी त्यांनी दहाला टेबलावर डबा उघडून केली, आणि बाकीचे लंचला गेले की हे इमारतीभोवती फेऱ्या मारायचे. बिचाऱ्याला घरचं कुणी डबा देत नाही असं समजून ऑफिसातल्या एका बाईने त्यांना सँडविच आणून दिलं होतं म्हणे. काकांनी ते खाल्लं आणि ब्रेड शिळा असल्याचं तिला सांगितलं.

हा त्यांचा खरा रोग. बाहेर जेवायची हौस दांडगी, आणि जेवलं की नावं ठेवल्याशिवाय उठायचं नाही. त्यात आरडाओरडा नसे. ते शांतपणे हात पुसत, नॅपकिनची व्यवस्थित चौकोनी घडी घालत, ती ताटाशेजारी ठेवत आणि उजव्या हाताचं एक बोट वर करत. ते बोट वर झालं की मी टेबलाखाली जाण्याच्या बेतात असे. वेटर आला तर त्याला परत पाठवत. "तुम्ही नाही. ज्याने केलंय त्याला बोलवा." मग आचारी हात पुसत बाहेर आला की त्याला तब्येतीत सांगत. सनीवेलच्या एका डोशाच्या हॉटेलात त्यांनी आचाऱ्याला सांगितलं की सांबार एक उकळी आधी उतरवलंय. एका पॅनकेकच्या हॉटेलात गोऱ्या मुलीला सांगितलं की बटाट्यावर मीठ वरून भुरभुरवलंय, आत गेलेलं नाही. ती पोरगी घाबरून "आय ॲम सो सॉरी, सर" म्हणाली आणि तिने फुकटात ॲपल पायचा तुकडा आणून ठेवला. काकांना वाईट वाटलं.

"फुकट कशाला देते ही? मी सांगितलं ते ऐकलं का हिने? पुढच्या वेळी बटाटे उकडताना मीठ घालेल का?"

"काका, ती तुम्हाला टरकली."

"त्यात टरकायचं काय? मी काय शिव्या दिल्या?"

काकू त्यांच्याबरोबर हॉटेलात जात नसत. लग्नानंतर एकदाच गेले, ते जन्माला पुरलं, असं त्या मला सांगायच्या. घरी अर्थात सुटका नव्हतीच. "आमटीत गूळ जास्त झालाय," काका पहिल्या घासाला म्हणायचे, आणि काकू डाव आपटून म्हणायच्या, "मग उद्यापासून तुम्हीच करा." भिंतीपलीकडून मला हे संभाषण रोज ऐकू यायचं, इतकं की त्यावरून मी घड्याळ लावत असे. सुरुवातीला मला वाटायचं, आता यांचं भांडण होणार. पण होत काहीच नसे. काका दुसऱ्यांदा आमटी वाढून घेत. काकांच्या लेखी कौतुक म्हणजे गप्प बसून पुन्हा वाढून घेणं. "छान" हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

पहिल्या दिवशी त्यांनी मला जिथे नेलं ते हॉटेल एका छोट्या शॉपिंग सेंटरमध्ये, कपडे धुवायच्या दुकानाच्या शेजारी होतं. पाटीवर "इंडियन करी". आत बफेची भांडी, लाल तिखट पनीर, पिवळं चिकन, जे सगळीकडे असतं तेच. हॉटेल अकराला उघडायचं, पण काका मागच्या दाराने शिरले आणि स्वयंपाकघराच्या दाराला लागून असलेल्या टेबलावर जाऊन बसले. चाळिशीची एक गोरीपान, चपट्या नाकाची बाई हसत आली. तिला ते दिदी म्हणत. दिदी आणि तिचा नवरा पाटणचे, म्हणजे काठमांडूच्या शेजारचे. पण नेपाळी जेवण म्हणून पाटी लावली तर फ्रीमाँटमध्ये कोण येणार, म्हणून त्यांनी पंजाबी बफे मांडला होता. एकदा काका तिथे बफे खायला गेले असताना आतून एक वास आला. ताट तसंच टाकून ते थेट स्वयंपाकघरात घुसले. दिदी आणि तिचा नवरा आत उभ्याउभ्या स्वतःचं जेवण जेवत होते. डाळ, भात, गुन्द्रुकची भाजी, टोमॅटोचं अचार. गुन्द्रुक म्हणजे आंबवून वाळवलेला पाला. "हे बाहेर का नाही ठेवत?" काकांनी विचारलं, आणि त्या दिवसापासून त्यांचं दहाचं ताट आतल्या जेवणातून वाढलं जाऊ लागलं.

मी पहिला घास घेतला आणि अचाराशी थबकले. ओठ झिणझिणले. जीभ जागच्या जागी थरथरल्यासारखी झाली.

"हे तर आमचं तिरफळ!" मी म्हटलं. मी मालवणची. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ नसेल तर आमच्याकडे त्या बांगड्याला कुणी विचारत नाही.

"तिरफळ काय? टिमुर म्हणतात याला. हिमालयात होतं."

"मग आमच्याकडे काय पोस्टाने येतं का?"

यावरून आम्ही तिथेच वाद घातला. मालवणी आणि सांगलीकर नेपाळ्याच्या टेबलावर बसून भांडतायत हे बघून दिदीने मला आणखी अचार वाढलं. काकांनी नंतर बोट वर केलं आणि दिदीला सांगितलं की आज डाळीला जिंबूची फोडणी घाईत बसलीय. जिंबू म्हणजे तिकडची वाळवलेली पात. दिदीने खाली मान घालून ऐकलं आणि मान हलवली. जाताना मी ओशाळून तिची माफी मागितली तर ती म्हणाली, "अरे नहीं. अंकल घर के आदमी हैं."

हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे काकांनी काठमांडूची गोष्ट सांगितली तेव्हा कळलं.

काठमांडूच्या गोष्टी सांगायला त्यांना नकाशा लागे. टेबलावर मिठाची बाटली म्हणजे देऊळ, चमचा म्हणजे गल्ली, नॅपकिन म्हणजे असनचा बाजार. "इथे पितळेची भांडी. इथे वाळकी मासळी. इथून वळलं की दार इतकं बुटकं की मान खाली घालूनच जायचं. तिथे आमाची भट्टी." भट्टी म्हणजे तिकडची खाणावळ. चार बुटकी बाकडी, एक चूल आणि एक म्हातारी. तिला सगळे आमा म्हणत. नव्या गावात खायला कुठे बसावं याचे काकांचे नियम होते: जिथे बाहेर दिवे लावलेत तिथे बसू नये, जिथे हमाल पाठीवरची टोपली उतरवतात तिथे बसावं. त्या नियमाने ते पहिल्याच आठवड्यात आमाकडे पोचले.

आमाने समोर पत्रावळ ठेवली. तिच्यावर कोरडे पोहे. बाजूला भाजलेलं काळं सोयाबीन, आल्याचे तुकडे, थोडा बटाटा. एवढं ठेवून ती चुलीकडे गेली. काका थांबले. सांगलीचा माणूस तो, कोरडे पोहे समोर आले म्हणजे आता कांदा चिरला जाणार, मोहरी तडतडणार, हळद पडणार, हे त्याने गृहीतच धरलं. आमा मध्येच आली, पोह्यांना हात लागलेला नाही असं बघून तिने एक उकडलेलं अंडं ठेवलं. काका थांबलेच. तिला वाटलं हा अंडं खात नसावा, तिने अंडं उचललं आणि एक डाळीचा वडा ठेवला. काका हसून मान डोलवत पुन्हा थांबले. शेवटी न राहवून त्यांनी हिंदीत विचारलं, "आमा, ये कब बनेगा?"

"बन गया," आमा म्हणाली.

शेजारच्या हमालाची पत्रावळ तोवर साफ झाली होती आणि तो काकांच्या पत्रावळीकडे आशेने बघत होता.

"पोहे फोडणीशिवाय पुरे असू शकतात," काका मला म्हणाले, "हे कळायला मला हिमालयात जावं लागलं."

पुढे ते रोज आमाकडेच जेवू लागले. परक्या गावात एकटा माणूस, त्यामुळे ते तेव्हा फार सभ्य होते. आमाने काहीही वाढलं की "बहुत अच्छा". बरेच दिवस असे गेल्यावर आमाने एकदा चुलीशेजारून विचारलं, "तू कधी जाणार?" काका चपापले. आपण नकोसे झालो की काय! ते म्हणाले, मी कुठे जातोय, मी तर अजून पुष्कळ दिवस आहे. तेव्हा ती म्हणाली, जाणारा माणूस सगळ्याला अच्छा म्हणतो. राहणारा असतो तो मीठ मागतो.

"दुसऱ्या दिवशी मी मीठ मागितलं," काका म्हणाले. "तेव्हापासून मागतोच आहे."

हे ऐकल्यावर मला त्यांच्या बोट वर करण्याची लाज वाटायची जरा कमी झाली. पूर्ण गेली असं नाही. माझा नवरा विचारायचा, "यार, तू त्यांच्याबरोबर रोज कशी जातेस? मला तर एम्बॅरसिंग होतं." मी म्हणायचे, सवय झाली. खरं तर मला ते दहाचं जेवण हवं असायचं. त्या टेबलावर बसून मी हिंदी बोलले, हसले, भांडले, आणि काकांच्या जुन्या करड्या गाडीवर गाडी चालवायला शिकले. गाडी शिकवताना ते एकदाही माझ्यावर खेकसले नाहीत. मी एका मेलबॉक्सला गाडी घासली तेव्हासुद्धा "होतं असं" एवढंच म्हणाले. माणसांना त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, फक्त जेवणाला.

काकूंना एकदा काठमांडू दाखवायचं आणि तिथे त्यांच्याबरोबर बसून जेवायचं, ही काकांची फार जुनी इच्छा. काकूंनी कबूलही केलं होतं. "तिथे येईन तुमच्याबरोबर हॉटेलात. तिथे मला कुणी ओळखत नाही." पण तिकडे बरीच वर्षं यादवी चालू होती, संचारबंदी, बंद, गोळीबार. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात ती निवळली आणि काकांनी लगोलग पुढच्या वसंतातली तिकिटं काढली. त्यानंतर काही दिवसांनी दाढी करताना त्यांच्या हाताला गालाखाली गाठ लागली.

गाठ वाईट निघाली, पण वेळेवर सापडली. रेडिएशन झालं. तोंड आलं, घसा सोलवटला, काही आठवडे काकांनी पेज आणि डब्यातलं कसलंसं पांढरं पेय यांवर काढले. मग तेही संपलं. गाठ गेली, आता भीती नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा काकूंनी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्येच देवाला हात जोडले. चव जाईल असं बाईंनी आधी सांगून ठेवलं होतं, पण गाठीच्या धसक्यात ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. "इट युज्वली कम्स बॅक," असंही त्या म्हणाल्या होत्या. त्या एका युज्वलीवर आमचे पुढचे कित्येक महिने टांगलेले होते.

काकांनी चवीबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट ते गोड बोलू लागले. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीच्या जेवणाला दरवर्षी त्यांची चाहूल लागताच श्रीखंड करणाऱ्या बाई लपायच्या. त्या वर्षी काका स्वतः त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, "फार छान झालंय. सगळंच छान झालंय." त्या बाईंना भरून आलं. लोक एकमेकांना सांगू लागले की आजारपणाने माणूस सुधारला. मी आणि काकू एकमेकींकडे बघत होतो.

त्यानंतरच्या आठवड्यात काकूंनी माझं दार वाजवलं. हातात आमटीची वाटी.

"चव बघ."

मी बघितली. आमटीत मीठच नव्हतं. जरासुद्धा नाही. गूळ नाही, आमसूल नाही, नुसती शिजलेली डाळ आणि पाणी.

"काकू, मीठ राहिलं."

"राहिलं नाही. मी घातलं नाही. मुद्दाम." त्या माझ्या दाराच्या पायरीवर खाली बसल्या. "हे म्हणाले, फक्कड झालीय."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्या रडत नव्हत्या, वाटीतली आमटी चमच्याने ढवळत होत्या.

"आयुष्यभर यांनी माझ्या हाताला नावं ठेवली गं. मी म्हणायची, कधीतरी चांगलं म्हणा. आता म्हणतात तर मला ऐकवत नाही."

चव नाही म्हणून काका खातही नव्हते. पुढ्यातलं चिवडायचे, दोन घास गिळायचे, छान म्हणायचे आणि उठायचे. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवं भोक पाडलं, मग आणखी एक. वजन असंच उतरत राहिलं तर पोटात नळी घालावी लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काठमांडूची तिकिटं त्यांनी परस्पर कॅन्सल केली. मी गाडी चालवत असताना शेजारी बसून त्यांनी मला हे सांगितलं, सहज, दूध संपलंय म्हणून सांगावं तसं.

"का, काका? गाठ तर गेली ना?"

"जाऊन करू काय? देवळं बघू?"

दिदीकडे मी त्यांना नेतच होते. दहाचा नेम तेवढा त्यांनी मोडला नव्हता. ते बसायचे, थोडं खायचे, नॅपकिनची घडी घालायचे. घडी झाली की मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत बसायचे. बोट वर होत नसे. "बहुत अच्छा, दिदी," म्हणून ते उठत. एके दिवशी ते हात धुवायला गेल्यावर दिदी माझ्यापाशी आली. आमाची गोष्ट तिनेही त्यांच्याकडून ऐकलेली होती.

"अंकल सब को अच्छा बोल रहे हैं," ती हळूच म्हणाली. "मुझे डर लगता है."

मला तिला धीर द्यायचा होता, पण मलाच तो नव्हता. मालवणात लहानपणी सर्दीने नाक चोंदून तोंडाची चव गेली की आई तिखल्यात मूठभर तिरफळं जास्त टाकायची. म्हणायची, चव नसली तरी तिरफळ जिभेला उठवतं. ते मला त्या क्षणी आठवलं. मी दिदीला विचारलं, मिरची अजिबात नको, आंबट नको, नुसतं टिमुर घालून काही करता येईल का?

दुसऱ्या दिवशी दिदीने मऊ उकडलेला बटाटा कुस्करून, त्यावर तूप आणि भरडलेलं टिमुर घालून आणला. काकांनी नेहमीसारखा घास घेतला. "छा..." एवढं म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी बोटाने स्वतःचा खालचा ओठ दाबून पाहिला. पुन्हा दाबला.

"काय झालं, काका?"

"थांब जरा." ते डोळे मिटून बसले. मी आणि दिदी श्वास रोखून बघतोय. "काहीतरी होतंय. झिणझिणतंय." त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. "चव नाही. पण जीभ आहे गं. आहे."

"तिरफळ ते," मी म्हटलं.

काकांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे जरबेने बघितलं. "टिमुर."

त्या दिवशी त्यांनी सगळा बटाटा संपवला आणि आणखी मागितला. कित्येक महिन्यांत त्यांनी काही मागितलं नव्हतं. त्या दिवसापासून रोज दहाला टिमुर घातलेला बटाटा हे त्यांचं औषधच झालं. त्याने चव येते असं मी म्हणणार नाही, डॉक्टरीणबाई ऐकून नुसत्या हसल्या. पण त्या झिणझिणीसाठी काका खाऊ लागले, आणि बटाट्याबरोबर चार घास भात, मग डाळही जाऊ लागली. वजन उतरायचं थांबलं. नळीचं नाव निघेनासं झालं. तरी घडी घातल्यावर बोट काही वर होत नव्हतं, आणि घरी परतल्यावर काकू रोज माझ्याकडे बघून भुवया उंचावत, आणि मी रोज नकाराची मान हलवत असे.

डोंगर हिरवा झाला होता, म्हणजे फेब्रुवारी उलटून गेला असावा. त्या सकाळी आम्ही नेहमीसारखे मागच्या दाराने शिरलो. काका जेवले, हात पुसले, घडी घातली. ती ताटाशेजारी ठेवली. पुन्हा उचलली, कोपरे जुळवले आणि पुन्हा ठेवली. मग उजव्या हाताचं बोट वर झालं.

मी जागची हलले नाही. दिदी पाणी घेऊन येत होती, ती मध्येच उभी राहिली.

"दिदी," काका म्हणाले, "आज दाल में नमक ज़्यादा है."

दिदीने तोंडावर हात दाबला. मग ती वळून आतल्या बाजूला नेपाळीत जोरात ओरडली आणि तिचा नवरा हातात झारा घेऊन धावत बाहेर आला. त्याला वाटलं आग लागली. "फिर से बोलिए अंकल," दिदी म्हणाली, आणि काकांनी अगदी गंभीरपणे पुन्हा सांगितलं की डाळ शिजल्यावर मीठ घातलंय, शिजताना घालायला हवं होतं, आणि ते जास्त पडलंय. मी डाळ चाखली. मीठ अगदी बेताचं होतं. इतक्या दिवसांनी परत आलेलं मीठ त्या जिभेला जास्तच लागणार. पण मी तोंड वाकडं करून म्हटलं, "हो ना. खारट झालीय." काकांनी माझ्याकडे समाधानाने बघितलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांची बाजू घेतली होती.

काकांनी गाडीत बसून सीटबेल्ट लावला. मौरी ॲव्हेन्यूच्या सिग्नलला म्हणाले, "घरी गेल्यावर त्या ट्रॅव्हल एजंटचा नंबर शोधून दे मला. दोन तिकिटं."

"आधी काकूंना सांगा."

"सांगतो."

पण त्यांनी सांगितलं नाही. घरात शिरले, जॅकेटसुद्धा काढलं नाही, सरळ स्वयंपाकघरात गेले. मी दारातच थांबले. काकू शेगडीपाशी होत्या, आमटीला उकळी फुटली होती. काकांनी ओट्यावरचा चमचा घेतला, पातेल्यात बुडवला, फुंकर घालून आमटी तोंडात घेतली आणि घोळवली.

"आमसूल कमी पडलंय," काका म्हणाले.

काकू वळल्या. हातात डाव होता. "मग उद्यापासून तुम्हीच करा" यायची वेळ झाली होती. मी वाट बघत होते. काकूंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मी दारातूनच मान हलवली, यावेळी वरून खाली. डाव त्यांच्या हातून ओट्यावर टेकला.

"अजून?" काकू म्हणाल्या. "अजून काय चुकलंय? सांगा ना."

काकांनी आणखी एक चमचा आमटी घेतली आणि सांगायला सुरुवात केली.